डेबियन-सिस-मेंट: दर महिन्याला परत येणारा १०४५

महिन्याचा पहिला मंगळवार उलटला की बुधवारी सकाळी ६:२५ ला, दूधवाल्याच्याही आधी, मला आमच्या टेस्टिंगच्या सर्व्हरकडून मेल यायचा. मजकूर एका ओळीचा: लॉगरोटेटची (जुने लॉग बाजूला सारून नवे सुरू करणाऱ्या साधनाची) पोस्टरोटेट, म्हणजे लॉग फिरवल्यानंतरची, स्क्रिप्ट चालवताना चूक झाली. मी लॉगिन व्हायचो, एक पासवर्ड बदलायचो, चहा घ्यायचो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टीममधल्या पोराचा मेसेज आला, "दादा, तुमचा पाहुणा आलाय." मग म्हटलं, आता याचं मूळच शोधायचं. पाहुण्याचं खरं नाव १०४५: मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची 'प्रवेश नाकारला' ही चूक.

सर्व्हर उबंटू १८.०४ या लिनक्सचा, त्यावर मायएसक्यूएल ५.७. डेबियन आणि उबंटूच्या त्या पिढीत रोजची क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं सकाळी ६:२५ ला सुटतात, म्हणून ती वेळ. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर हाच मेल आपल्याकडे ११:५५ ला, डबा उघडायच्या तोंडावर येईल. नव्या आवृत्त्यांत लॉगरोटेट सिस्टमडीच्या टायमरवर गेलंय, तिथे तो मध्यरात्रीचा पाहुणा. खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

मेलमध्ये पासवर्डचा उल्लेखच नसतो

पहिला घोळ इथेच होतो. मेल लॉगरोटेटचा असतो, म्हणून माणूस लॉगरोटेटच्या मागे लागतो. परवानग्या तपासतो, लॉगच्या फोल्डरचा मालक बदलून बघतो. मीही पहिल्या वेळी अर्धा तास त्यातच घालवला होता.

ईटीसी फोल्डरमध्ये लॉगरोटेट डॉट डी आहे, त्यात मायएसक्यूएल-सर्व्हर नावाची फाइल आहे. ती उघडा. लॉग फिरवून झाला की ही स्क्रिप्ट मायएसक्यूएलॲडमिन या कमांडला हाक मारते आणि 'पिंग' करते, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का ते विचारते. पिंगचं काहीच उत्तर आलं नाही तर ती बघते की मायएसक्यूएलडी ही खुद्द सर्व्हरची प्रोसेस चालू आहे का. प्रोसेस चालू, पण पिंगला उत्तर नाही, अशी अवस्था असेल तर ती चूक नोंदवून बाहेर पडते. खरी चूक मात्र पिंगच्या वेळीच 'डेव्ह नल' या लिनक्सच्या कचराकुंडीत ढकलून दिलेली असते, त्यामुळे मेलमध्ये ती येत नाही. पॅकेज बांधणाऱ्या कुणीतरी तिथेच एक टिप्पणी लिहून ठेवली आहे, तिचा अर्थ असा: खरंच सर्व्हर बंद आहे, की डेबियन-सिस-मेंट हा युजर हरवलाय? निदान तिथेच लिहिलेलं होतं आणि मी ती फाइल तिसऱ्या वेळी नीट वाचली.

हे डेबियन-सिस-मेंट काय आहे? डेबियन आणि उबंटूच्या मायएसक्यूएल पॅकेजने इन्स्टॉलच्या वेळी स्वतःसाठी उघडलेलं देखभालीचं खातं. मूळ मायएसक्यूएलमध्ये ते नाही. सेंटओएस किंवा रेड हॅटवर ते शोधू नका. पॅकेज एक यादृच्छिक पासवर्ड बनवतं आणि तो दोन ठिकाणी ठेवतं. एकदा डेटाबेसच्या आत, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमधल्या युजर टेबलात, हॅशच्या (मूळ पासवर्ड वाचता न येणाऱ्या सांकेतिक) रूपात. आणि दुसऱ्यांदा डिस्कवर, ईटीसीमधल्या मायएसक्यूएल फोल्डरात, डेबियन डॉट सीएनएफ या फाइलमध्ये, सरळ वाचता येईल असा. फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की ही आपोआप तयार झाली आहे, हात लावू नका. लॉग फिरवल्यावर तो नव्याने उघडायला लावणं, अपग्रेडनंतर टेबलं तपासणं, आणि जुन्या इनिट स्क्रिप्टच्या जमान्यात सर्व्हर चालू-बंद करणं, ही याची कामं.

दोन ठिकाणचे पासवर्ड जुळतात तोवर या खात्याचं अस्तित्वही जाणवत नाही. एकीकडचा बदलला की १०४५.

दुर्लक्ष केलं तर काय होतं

"टेस्टिंगचा सर्व्हर आहे, राहू दे तो मेल," असं म्हणायचा मोह होतो. दुसऱ्या महिन्यात मी दोन आठवडे तसंच केलं. झालं असं की लॉगरोटेट फाइलचं नाव बदलतं आणि त्या जागी नवी रिकामी फाइल तयार करतं. मायएसक्यूएलला मात्र कुणी सांगतच नाही की लॉग बंद करून पुन्हा उघड. तो जुन्याच उघड्या फाइलमध्ये लिहीत राहतो, मग तिचं नाव काहीही असो. आजच्या तारखेची फाइल शून्य बाइट आणि मागच्या आकड्याची फाइल फुगत चाललेली. आमच्याकडे स्लो क्वेरी लॉग (संथ चालणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू होता आणि टेस्टिंगवर कुणीही इंडेक्सशिवाय काहीही चालवतं, त्यामुळे ती भराभर फुगली.

डिस्क भरत आली तेव्हा मी घाईत ती फाइल उडवली. आणि डिस्क जैसे थे! डिस्क किती भरली ते सांगणारं 'डीएफ' म्हणतंय ९० टक्क्यांच्या वर, फाइली मोजणाऱ्या 'डीयू'ची बेरीज जेमतेम निम्मी. फाइलचं नाव गेलं, पण प्रोसेसने ती उघडी धरून ठेवलेली, म्हणून जागा सुटत नाही. 'एलएसओएफ'ला अधिक-एल-एक हा पर्याय दिला की अशी नाव नसलेली पण उघडी असलेली फाइल दिसते. रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) आत शिरून 'फ्लश लॉग्ज', म्हणजे लॉग बंद करून पुन्हा उघड, म्हटल्यावर जागा मोकळी झाली.

आधी खात्री करा

खात्री करायला एकच कमांड पुरते: सुडो (रूटच्या अधिकाराने चालव), मायएसक्यूएलॲडमिन, मग डिफॉल्ट्स-फाइल या पर्यायात डेबियन डॉट सीएनएफचा पूर्ण पत्ता, आणि शेवटी 'स्टेटस'. डिफॉल्ट्स-फाइल हा पर्याय कमांडच्या नावानंतर लगेच, पहिलाच आला पाहिजे. मध्ये दुसरं काही घुसवलं तर क्लायंट त्याला अनोळखी व्हेरिएबल समजून तक्रार करतो आणि तुम्हाला वाटतं फाइलच खराब आहे.

'स्टेटस' का, 'पिंग' का नाही? कारण पिंगचा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) पासवर्ड नाकारला गेला तरी शून्यच येतो. सर्व्हर जिवंत आहे एवढंच त्याला सांगायचं असतं. आमच्या मॉनिटरिंगमध्ये पिंगचाच एक्झिट कोड तपासला जात होता, म्हणून महिनोन्‌महिने डॅशबोर्ड हिरवागार.

आता चुकीचा आकडा वाचा, आणि नुसता आकडा नाही तर ओळीचं शेपूटही वाचा. १०४५ आणि शेवटी 'यूझिंग पासवर्ड: यस' असेल तर पासवर्ड पाठवला गेला पण जुळला नाही, किंवा लोकलहोस्टसाठी, म्हणजे त्याच सर्व्हरवरून येण्यासाठी, ते खातंच नाही. 'यूझिंग पासवर्ड: नो' असेल तर पासवर्ड पाठवलाच गेला नाही. तेव्हा डेटाबेसला हात लावू नका, फाइल बघा. बहुधा चौकटी कंसातलं 'क्लायंट' हे शीर्षक उडालेलं असतं. २००२ आला तर पासवर्डपर्यंत गाडी पोचलीच नाही, सॉकेटलाच (सर्व्हरशी बोलायच्या दारालाच) अडली. त्या ओळीच्या शेवटी कंसात २ असेल तर सॉकेटची फाइल त्या जागी नाही, १३ असेल तर परवानगी नाही, १११ असेल तर सॉकेट आहे पण पलीकडे ऐकणारं कुणी नाही.

आणखी एक आकडा आहे, १८६२. हा पासवर्डची मुदत संपल्याचा. ५.७.४ ते ५.७.१० या आवृत्त्यांत पासवर्डचं आयुष्य मुळातच ३६० दिवसांचं ठेवलेलं होतं; ५.७.११ पासून ते शून्य, म्हणजे कधीच न संपणारं, झालं. पण ऑडिटवाल्यांच्या आग्रहाने ९० दिवस लावणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. माणसाच्या खात्याला ते ठीक. देखभालीच्या खात्यावर पासवर्ड बदलायला कुणी बसलेलं नसतं. तिथे 'ऑल्टर युझर' या खातं बदलायच्या वाक्याने 'पासवर्ड एक्स्पायर नेव्हर' (मुदत कधीच नाही) लावा आणि ऑडिटच्या कागदावर अपवाद म्हणून नोंदवून टाका.

सगळं बरोबर दिसतंय आणि तरी १०४५ येतोय, अशा वेळी रूटच्या होम फोल्डरात मायलॉगिन डॉट सीएनएफ ही लपलेली फाइल आहे का बघा. डिफॉल्ट्स-फाइल दिली तरी मायएसक्यूएलचे क्लायंट ती वाचतातच, आणि शेवटी वाचतात, म्हणून तिच्यातला पासवर्ड वरचढ ठरतो. आणि कुणी अतिउत्साहाने हे खातं टक्क्याच्या चिन्हाने, म्हणजे कुठल्याही होस्टवरून चालेल असं, उघडलेलं नाही ना तेही बघा. त्या जोडीला लोकलहोस्टवर निनावी युजर शिल्लक असेल तर होस्ट जास्त नेमका असल्यामुळे सर्व्हर त्या निनाव्यालाच आधी धरतो आणि तुमचा बरोबर असलेला पासवर्डही नाकारला जातो. तसंही या खात्याला बाहेरून येण्याचं काही कारण नाही.

तात्पुरता इलाज

पासवर्ड जुळवायचा तर कुणाचा कुणाशी? फाइलमधला पासवर्ड घ्या आणि डेटाबेसला शिकवा. उलटं करू नका. फाइलमध्ये तो दोनदा लिहिलेला असतो, एकदा 'क्लायंट' या भागात आणि एकदा 'मायएसक्यूएल अपग्रेड' या भागात. हाताने बदलताना लोक वरचा बदलतात, खालचा विसरतात. आज लॉगरोटेट गप्प बसतं आणि सहा महिन्यांनी अपग्रेड मध्येच अडकतं.

उबंटूवर रूट सहसा ऑथ-सॉकेटने आत जातो, म्हणजे सुडो मायएसक्यूएल म्हटलं की पासवर्ड न विचारता दार उघडतं. आत गेल्यावर एकच वाक्य: ऑल्टर युझर, डेबियन-सिस-मेंट ॲट लोकलहोस्ट, आयडेंटिफाइड बाय, आणि फाइलमधला पासवर्ड एकेरी अवतरणात. खातंच नसेल तर 'क्रिएट युझर' आणि त्यानंतर सगळे अधिकार, ग्रँट ऑप्शनसकट, म्हणजे इतरांना अधिकार द्यायच्या मुभेसकट. हो, हे खातं जवळपास रूटच आहे. म्हणूनच ती फाइल ६०० परवानगीने (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) आणि रूटच्या मालकीची असायला हवी. तुमच्याकडे ईटीसीकीपर (ईटीसी फोल्डरमधले बदल गिटमध्ये जपून ठेवणारं साधन) असेल आणि तो गिट साठा कुठे बाहेर पाठवला जात असेल, तर हा पासवर्डही प्रवासाला निघालाय हे ध्यानात घ्या.

जुने सल्ले सावधपणे वाचा. युजर टेबलातला पासवर्ड नावाचा स्तंभ थेट अपडेट करा, असं सांगणारे शेकडो लेख फिरतात. ५.७ मध्ये तो स्तंभच गेला, तिथे 'ऑथेंटिकेशन स्ट्रिंग' आला. म्हणून तो सल्ला १०५४ (असा स्तंभच नाही) देतो. ८.० मध्ये पासवर्ड नावाचं फंक्शनही काढलं आणि ग्रँटच्या वाक्यातच आयडेंटिफाइड बाय लिहायची सोयही गेली. तिथे १०६४ (वाक्यरचना चुकली) मिळतो. ऑल्टर युझर मात्र दोन्हीकडे चालतं.

यात एक सापळा मला फार आवडतो, कारण त्यात दोन चांगल्या सवयी मिळून एक वाईट परिणाम घडवतात. पासवर्डचे नियम तपासणारा प्लगइन चालू असेल आणि धोरण 'मीडियम' असेल, तर लहान-मोठी अक्षरं, आकडा आणि एखादं विशेष चिन्ह हवंच. नुसत्या अक्षर-आकड्यांचा पासवर्ड ऑल्टर युझरमध्ये दिला की १८१९ येतो: धोरणात बसत नाही. मग माणूस वैतागून नवा पासवर्ड ठरवतो आणि हाताशी आलेलं विशेष चिन्ह टाकतो, बहुधा हॅश, म्हणजे # हे चिन्ह. डेटाबेस खूश होतो. पण मायएसक्यूएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ओळीच्या मध्येही हॅश आला की तिथून पुढचं सगळं टिप्पणी धरलं जातं. पासवर्ड निम्मा वाचला जातो आणि पुन्हा १०४५, 'यूझिंग पासवर्ड: यस'. डोळ्यांना दोन्हीकडे अक्षर न्‌ अक्षर तेच दिसतं. हॅश हवाच असेल तर फाइलमध्ये तो पासवर्ड अवतरणचिन्हांत लिहा. मी अधोरेषा वापरतो, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

रूटचंच दार बंद असेल तर

मग मोठा हातोडा. कॉन्फिग फाइलमधल्या मायएसक्यूएलडीच्या भागात स्किप-ग्रँट-टेबल्स (परवानग्या तपासूच नको) लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. ५.७ मध्ये सोबत स्किप-नेटवर्किंग (नेटवर्कवरून कुणाला घेऊ नको) लिहायला विसरू नका, नाहीतर तेवढा वेळ नेटवर्कवरून कुणीही, कुठल्याही नावाने, पासवर्डशिवाय आत येऊ शकतो. ८.० ते स्वतःहून लावतो. आत गेल्यावर लगेच ऑल्टर युझर केलं तर १२९० मिळतो, कारण परवानग्यांची व्यवस्थाच बंद आहे. आधी 'फ्लश प्रिव्हिलेजेस' (परवानग्या टेबलातून पुन्हा वाच), मग ऑल्टर युझर, मग ती ओळ काढून पुन्हा रीस्टार्ट. ती ओळ तशीच राहिलेला एक सर्व्हर मी पाहिलाय. सगळं छान चालू होतं म्हणून दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याऐवजी इनिट-फाइल वापरणं जास्त सभ्य. ऑल्टर युझरचं वाक्य एका फाइलमध्ये ठेवा, सर्व्हर सुरू होताना ती चालवतो, दार उघडं टाकावं लागत नाही. पण उबंटूवर ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा मायएसक्यूएलला मोजक्याच जागा वाचू देते. फाइल होम फोल्डरात ठेवली तर परवानग्या कितीही उघड्या असल्या तरी वाचता येत नाही. डेटा फोल्डरात ठेवा, मालक मायएसक्यूएल करा, काम झालं की उडवा.

गंमत म्हणजे उलटा प्रवासही होतो. रूटचा पासवर्ड विसरलेले कित्येक जण सुडोने डेबियन डॉट सीएनएफ देऊन या देखभालीच्या खात्यातून आत शिरतात आणि रूटचा पासवर्ड बदलतात. हे खातं नीट ठेवण्याचं तेही एक कारण.

परत का येतो

आता मूळ प्रश्न. पासवर्ड बुधवारी दुरुस्त केला, सगळं चाललं, आणि पुढच्या महिन्यात त्याच दिवशी बिघडला. मंगळवारी रात्री काय होतं? कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पॅच लावून सर्व्हर रिबूट होतो. साहजिकच संशय पॅचवर. टीममध्ये तर "कर्नल अपडेट केलं की मायएसक्यूएलचा पासवर्ड उडतो" अशी अंधश्रद्धाच रुजली होती. एकाने पॅच पुढे ढकलायचं सुचवलं. त्या महिन्यात रिबूट झालंच नाही आणि मेलही आला नाही. झालं, पुरावाच मिळाला!

मला पटत नव्हतं, कारण कर्नलला डेटाबेसच्या टेबलात काय लिहिलंय याच्याशी काय देणंघेणं? तिसऱ्या वेळी मी दुरुस्ती करायच्या आधी थांबलो आणि युजर टेबलातली ती एक ओळ नीट बघितली. ५.७ मध्ये तिथे 'पासवर्ड लास्ट चेंज्ड' असा स्तंभ असतो. मी मागच्या वेळी स्वतःच्या हाताने पासवर्ड बदलला होता, म्हणजे तारीख तेव्हाची हवी. तिथे तारीख होती सव्वादोन वर्षांपूर्वीची. त्या दिवशी हा टेस्टिंगचा सर्व्हर जन्मलाही नव्हता. पण प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातला, सर्व्हर उभा केला होता तो त्याच आठवड्यात.

प्रॉडक्शनवर जाऊन तीच ओळ काढली. तारीख तीच. हॅशही तोच, तारांकनापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ४१ च्या ४१. मायएसक्यूएलच्या जुन्या नेटिव्ह पद्धतीत हॅशमध्ये मीठ (दर वेळी मिसळलेला वेगळा यादृच्छिक मजकूर) नसतं, त्यामुळे दोन सर्व्हरवर हॅश सारखा म्हणजे पासवर्ड सारखा. पॅकेजने दोन सर्व्हरवर स्वतंत्रपणे बनवलेले यादृच्छिक पासवर्ड योगायोगाने सारखे येत नसतात. ती ओळ तिकडून इकडे आली होती.

कोण आणतं? दर शनिवारी रात्री टेस्टिंगला ताजा डेटा मिळावा म्हणून एक स्क्रिप्ट प्रॉडक्शनचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली नक्कल) इथे ओतत होती. डंप घेताना पर्याय होता 'ऑल डेटाबेसेस'. त्यात मायएसक्यूएल नावाचा अंतर्गत डेटाबेसही येतो आणि त्यात युजर टेबलही. म्हणजे दर शनिवारी आमचं युजर टेबल पुसलं जाऊन प्रॉडक्शनचं येत होतं. डेबियन डॉट सीएनएफ मात्र डिस्कवर, तिला डंपचा वारासुद्धा लागत नाही.

मग रविवारीच का बिघडत नव्हतं? चालू सर्व्हर लॉगिन तपासताना टेबल वाचत नाही. सुरू होताना तो परवानग्या मेमरीत घेतो आणि त्याच वापरतो. ऑल्टर युझर किंवा ग्रँटने बदल केला तर मेमरीही बदलते. डंप मात्र टेबल ड्रॉप करून नुसत्या ओळी भरतो, ते मेमरीला कळत नाही. फ्लश प्रिव्हिलेजेस म्हणेपर्यंत किंवा रीस्टार्टपर्यंत जुनाच पासवर्ड चालत राहतो. मायएसक्यूएलडंपला तो फ्लश डंपमध्ये लिहायला सांगणारा पर्याय आहे, पण मागितल्याशिवाय लिहीत नाही. म्हणजे चोरी शनिवारी, पंचनामा पुढच्या रिबूटनंतर, आणि आळ कर्नलवर. रिबूट झालं नाही त्या महिन्यातही टेबल चार वेळा बदललंच होतं, फक्त कुणी ते वाचलं नव्हतं.

बाकीचं काही कसं मोडलं नाही, हा प्रश्न पोराने बरोबर विचारला. रूट दोन्हीकडे ऑथ-सॉकेटवर, त्याला पासवर्डच नाही. आणि ॲपचा पासवर्ड टेस्टिंग आणि प्रॉडक्शनवर एकच होता. ती वेगळी लाज.

कायमचा इलाज, आणि त्याने मोडलेल्या गोष्टी

सगळ्यात सोपा उपाय बरेच जण सुचवतात: दोन्ही सर्व्हरच्या डेबियन डॉट सीएनएफमध्ये एकच पासवर्ड ठेवा. मास्टर-स्लेव्ह जोडीत, जिथे एक सर्व्हर दुसऱ्याची सतत नक्कल करतो आणि अंतर्गत डेटाबेससुद्धा रेप्लिकेट होतो, तिथे याला निदान काही अर्थ आहे. टेस्टिंगवर निम्म्या कंपनीला सुडो आहे. तिथे प्रॉडक्शनचा रूटसारखा पासवर्ड वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवणं मला मान्य नाही. दुसरा उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या शेवटी ऑल्टर युझरची ओळ चिकटवणं. चालेल, पण ते ठिगळ आहे. प्रॉडक्शनच्या सगळ्या युजरांचे हॅश दर आठवड्याला टेस्टिंगवर येतच राहणार.

आम्ही 'ऑल डेटाबेसेस' काढून 'डेटाबेसेस' हा पर्याय घातला आणि हव्या त्या डेटाबेसांची नावं लिहिली. टेस्टिंगवरची प्रॉडक्शनची खाती एकदाच साफ केली, डेबियन-सिस-मेंटचा पासवर्ड शेवटचा जुळवला. एखाद्या सर्व्हरवरून खरंच खाती हलवायची असतील तर पर्कोना टूलकिटमधलं पीटी-शो-ग्रँट्स वापरा. ते ग्रँटची वाक्यं छापून देतं आणि काही युजर वगळायची सोय त्यात आहे. डेबियन-सिस-मेंट आणि रूट वगळा.

पुढच्या सोमवारी रिपोर्टवाल्या मॅडमचा फोन: प्रोसीजर सापडत नाही, १३०५. सापडणार कुठून? ५.७ मध्ये स्टोअर्ड प्रोसीजर (सर्व्हरवरच साठवलेल्या छोट्या स्क्रिप्ट) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामं) मायएसक्यूएल डेटाबेसच्याच टेबलांत राहतात. इतके दिवस अख्खा अंतर्गत डेटाबेस येत होता म्हणून तेही फुकटात येत होते. आमची स्क्रिप्ट आधी जुना डेटाबेस ड्रॉप करते, त्यासोबत प्रोसीजर गेल्या, आणि नव्या डंपमध्ये त्या नव्हत्याच. 'रूटीन्स' आणि 'इव्हेंट्स' हे दोन पर्याय वेगळे मागावे लागतात. ट्रिगर तेवढे न मागता येतात. ते जोडल्यावर १४४९: प्रोसीजरचा डिफायनर (बनवणारा) म्हणून जो युजर लिहिलाय तो इथे अस्तित्वात नाही. साफसफाईत मीच उडवला होता. तो लॉगिन न होणारं, लॉक केलेलं खातं म्हणून परत बनवला.

नवा सर्व्हर असाच नुसत्या नावांच्या डंपवर उभा केला तर टाइमझोनची टेबलंही येत नाहीत. मग 'एशिया/कोलकाता' देऊन वेळ बदलायला गेलं की उत्तर नल येतं, चूक म्हणून काही दिसत नाही. मायएसक्यूएल-टीझेडइन्फो-टू-एसक्यूएल एकदा चालवावं लागतं.

मारियाडीबीवर असाल तर

डेबियन ९, म्हणजे २०१७ पासून, डेबियनमध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी हा त्याच्यातूनच फुटलेला डेटाबेस येतो, आणि त्या पॅकेजने हा खटाटोपच सोडून दिला. देखभालीची कामं रूट युनिक्स-सॉकेटने करतो, पासवर्ड नाही, त्यामुळे जुळवायलाही काही नाही. डेबियन डॉट सीएनएफ जुन्या साधनांसाठी शिल्लक आहे. नव्या आवृत्त्यांत तिच्या डोक्यावरच लिहिलंय की ही फाइल कालबाह्य आहे, शक्यतो वापरू नका. तिथे १०४५ आला तर बहुधा कुणीतरी रूटला हौसेने पासवर्ड लावलाय आणि सॉकेटची सोय काढून टाकलीय. जुन्या मायएसक्यूएलचा डंप मारियाडीबीत ओतला तरी हेच होतं. आणि १०.४ पासून तिथलं युजर टेबल हे टेबल नसून व्ह्यू (दुसऱ्या टेबलातली माहिती दाखवणारा नुसता आरसा) आहे, थेट अपडेट करायला जाऊ नका.

आमच्या स्क्रिप्टमध्ये आता शेवटी दोन ओळी आहेत. आधी फ्लश प्रिव्हिलेजेस, मग डेबियन डॉट सीएनएफ देऊन मायएसक्यूएलॲडमिन स्टेटस. तो शून्याखेरीज काही म्हणाला तर स्क्रिप्ट ओरडते. क्रम महत्त्वाचा. फ्लशशिवाय तपासलं तर मेमरीतला जुना पासवर्ड "सगळं ठीक" म्हणतो आणि आपण पुन्हा बुधवारची वाट बघतो. उद्या कुणी डंपचे पर्याय परत जुने केले तर ते शनिवारी रात्रीच कळेल, आणि कर्नलचं नाव कुणी घेणार नाही.

त्यानंतर तीन मंगळवारी रिबूट झाले, तीन बुधवार शांत गेले. ॲपचा पासवर्ड मात्र अजून दोन्हीकडे एकच आहे. त्याचं तिकीट माझ्याच नावावर पडून आहे.